गणपतीत सांगितलं जाणारं वादळ

निसर्ग वादळ दिवसा आलं होतं. ३ जून २०२०, बुधवार, दुपारची वेळ. दिवेआगर-श्रीवर्धनच्या बाजूला ते किनाऱ्याला लागलं आणि बाणकोट खाडीच्या अलीकडे आमच्या दापोली-मंडणगडालाही त्यानं सोडलं नाही. ताशी शंभर किलोमीटरच्या वरचा वारा. घरातली पानं घ्यायची वेळ झाली होती, आणि ती घेतली गेली ती थेट दुसऱ्या दिवशी.

आता काका गणपतीत ही हकीकत सांगतात तेव्हा तिच्यात रात्र असते. डोळ्यात बोट घातलं तरी दिसेना असा काळोख, कंदील विझलेला, वर वासे करकरताहेत, आणि त्या काळोखात मागचा फणस गोठ्यावर पडल्याचा आवाज. मुंबई-डोंबिवलीहून आलेले सगळे ओटीवर गोल करून ऐकत असतात. आणि गंमत अशी की त्याच हकिकतीत काका हेही सांगतात की आपण ओहोटीमुळे वाचलो, नाहीतर खाडी आगरात शिरली असती. "ज्येष्ठ शुद्ध द्वादशी होती. बाराचे पाऊणपट नऊ. नवाला भरती, दुपारी पाणी ओसरत चाललेलं."

तिथीच्या पाऊणपट भरतीची वेळ, हा हिशेब किनाऱ्यावरच्या जुन्या माणसांना पाठ असतो. भरती रोज साधारण पाऊण तासानं पुढे सरकते, त्यावर तो बसवलेला आहे आणि रोजच्या कामाला तो पुरतो. काकांचा हिशेब बरोबर आहे. पण मग त्याच हिशेबानं रात्री नवाच्या सुमाराला पुन्हा भरती असणार. वादळ रात्री आलं असतं तर ओहोटीनं कुणाला वाचवलं नसतं. म्हणजे एकाच माणसाच्या एकाच हकिकतीत वादळ दुपारीही आहे आणि रात्रीही, आणि सांगणाऱ्याला किंवा ऐकणाऱ्यांना ते कुठेही खटकत नाही.

मी मानसशास्त्र शिकवते. स्मृती हा माझ्या विषयातला सर्वांत आवडता भाग, आणि काकांच्या या हकिकतीइतकं चांगलं उदाहरण मला पाठ्यपुस्तकात सापडलेलं नाही. एन्डेल टल्व्हिंग यांनी १९७२ मध्ये स्मृतीचे जे दोन प्रकार वेगळे केले, ते दोन्ही इथे शेजारी शेजारी बसलेले आहेत. तिथीचा हिशेब हे ज्ञान आहे. ते काकांना कोणी, कधी, कुठे शिकवलं हे त्यांना आठवत नाही आणि आठवायची गरजही नाही. वादळ हा प्रसंग आहे, स्वतः जगलेला, आणि तो आठवताना माणूस पुन्हा तिथे जाऊन उभा राहतो. पहिला प्रकार वर्षानुवर्षं तसाच टिकतो. दुसरा दर वेळी नव्यानं उभा करावा लागतो, आणि तो उभा करताना आपल्या मनात आधीपासून असलेली वादळं मदतीला येतात. गोष्टीतली वादळं रात्रीच येतात. म्हणून निसर्गही हळूहळू रात्री येऊ लागलं.

केंब्रिजच्या फ्रेडरिक बार्टलेट यांनी हे फार पूर्वी दाखवलं होतं. त्यांनी उत्तर अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांची एक लोककथा इंग्रज वाचकांना वाचायला दिली आणि काही वेळानं, काही दिवसांनी, काहींना तर काही वर्षांनी ती पुन्हा लिहायला सांगितली. १९३२ मध्ये त्यांनी हे सगळं पुस्तकरूपानं मांडलं. त्या वाचकांच्या लिखाणात कथा आखूड होत गेली, आणि तिच्यातलं जे जे त्यांना परकं होतं ते एकतर गळलं किंवा ओळखीचं झालं. होडगं होतं तिथे साधी बोट आली, सीलच्या शिकारीची मासेमारी झाली. कुणी मुद्दाम काही बदललं नव्हतं. माणसं अर्थ लावत होती, आणि अर्थ लावला की तपशील त्या अर्थाकडे झुकतात.

एवढ्यावरून स्मृती म्हणजे भरवसा नसलेली वस्तू आहे असं कुणी म्हणू लागलं तर मला ते पटत नाही. आमच्या आजीकडे पाहा. शेवटची काही वर्षं तिला समोरचा माणूस कोण हे कळत नसे. गणपती आलेत हेही सांगावं लागे, आणि सांगितलेलं ती घटकाभरात विसरे. पण उकडीचा गोळा हातात दिला की तिची बोटं पारी करायची, सारण भरायची आणि एकेक कळी पाडत मोदक मिटवायची. कळ्या मोजून सारख्या. त्या वेळी तिच्या चेहऱ्यावर जी शांती असे ती एरवी दिवसभर नसायची. हेन्री मोलेसन या अमेरिकन रुग्णावर १९५३ मध्ये अपस्मारासाठी शस्त्रक्रिया झाली आणि मेंदूच्या दोन्ही बाजूंचा हिप्पोकॅम्पस, म्हणजे नवे प्रसंग लक्षात ठेवायला लागणारा भाग, बराचसा काढला गेला. त्यानंतर नवीन प्रसंग त्यांच्या लक्षात राहीनात. तरीही ब्रेंडा मिलनर यांनी त्यांना आरशात पाहून चांदणीची आकृती गिरवायला दिली तेव्हा त्यांचा हात दिवसागणिक सुधारत गेला, आणि दर दिवशी त्यांना वाटे की आपण हे पहिल्यांदाच करतो आहोत. हाताची स्मृती वेगळ्या वाटेनं जाते. आजीच्या बाबतीत ती वाट शेवटपर्यंत मोकळी राहिली, याचं मला फार समाधान आहे.

प्रसंगांच्या स्मृतीचं तसं नसतं. ती सांगण्यातून जगते आणि सांगण्यातूनच बदलते. ज्यांच्याकडे कौलारू घर आहे त्यांना शाकारणी ठाऊक असते. पावसाळ्यापूर्वी कौलं उतरवायची, फुटलेली बाजूला काढायची, रीप किडली असेल तर बदलायची, आणि मग सगळं पुन्हा चढवायचं. घर तेच असतं, तरी वरचं सगळं कौल कुठे तेच असतं? आठवणीचंही असंच होतं, आणि याला प्रयोगाचा आधार आहे. करिम नादेर, ग्लेन शेफ आणि जोसेफ लेडू यांनी २००० साली उंदरांवर एक प्रयोग केला. विशिष्ट आवाजानंतर विजेचा धक्का बसतो हे उंदरांना शिकवलं. आठवण मुरल्यानंतर तो आवाज पुन्हा ऐकवून ती जागी केली आणि त्याच वेळी मेंदूतल्या अमिग्डाला या भागात नवीन प्रथिनं बनणं औषधानं थांबवलं. ती भीती नंतर दिसेना. ज्या उंदरांची आठवण जागी केली नव्हती, त्यांच्यावर त्याच औषधाचा परिणाम झाला नाही. जागी केलेली आठवण पुन्हा घट्ट व्हावी लागते, आणि त्या मधल्या वेळेत ती कच्ची असते. उंदरांच्या भीतीवरून माणसाच्या सगळ्या आठवणींबद्दल बोलणं धाडसाचं ठरेल, पण दिशा मला पटते.

वादळाच्या दिवशी माझा भाचा पाच वर्षांचा होता आणि डोंबिवलीत होता. टाळेबंदी होती, गावाला कुणी आलं नव्हतं. आज तो वादळ सांगतो. कौलं उडताना कशी दिसली, गोठ्यातली म्हैस कशी ओरडत होती, हे सांगताना तो डोळे मोठे करतो आणि खोटं तर अजिबात बोलत नसतो. एलिझाबेथ लोफ्टस आणि जॅकलिन पिकरेल यांनी १९९५ मध्ये चोवीस प्रौढांना त्यांच्या लहानपणचे काही प्रसंग वाचायला दिले. बाकीचे नातेवाइकांकडून मिळवलेले खरे होते, एक बनावट होता: लहानपणी दुकानांच्या गर्दीत तुम्ही हरवला होतात. साधारण चौथा हिस्सा लोकांना तो न घडलेला प्रसंग थोडाफार का होईना, आठवला. आमच्या भाच्यावर कुणी प्रयोग केला नाही. त्यानं फक्त दर गणपतीत ओटीवर बसून ऐकलं, त्याला हे घर माहीत होतं, तो गोठा माहीत होता, आणि आपणही तिथे असावं असं त्याला मनापासून वाटत होतं.

मला त्याच्या सांगण्याचं वाईट वाटत नाही. वाईट वाटतं ते वेगळ्याच गोष्टीचं. त्या आठवड्यात डोंबिवलीच्या घरात जे झालं ते त्यानं खरोखर पाहिलं होतं. गावचे सगळे फोन बंद, टॉवर पडलेले, वीज गेलेली. माझा भाऊ पुन्हा पुन्हा नंबर लावतोय, वहिनी बातम्या बघत उभी आहे, आणि आजोबांचं काय झालं असेल हे कुणी मोठ्यानं विचारत नाहीये. चाकरमान्यांच्या कितीतरी घरांत तेव्हा हेच चाललं होतं. किनाऱ्यावरच्या प्रत्येक गावाच्या वादळाचा तो अर्धा भाग आहे. तो मात्र कुणी सांगत नाही, कारण ओटीवर त्याला कुणी विचारत नाही. भाच्याला त्यातलं आता जवळजवळ काही आठवत नाही.

हा केवळ काळाचा परिणाम आहे असं मला वाटत नाही. एखाद्या प्रसंगातला एक तुकडा वारंवार आठवला की त्याच्याशी जोडलेले पण न आठवलेले तुकडे नुसते मागे पडत नाहीत, ते अधिक लवकर विसरले जातात. मायकेल अँडरसन, रॉबर्ट बियॉर्क आणि एलिझाबेथ बियॉर्क यांनी १९९४ मध्ये हे शब्दांच्या जोड्या वापरून दाखवलं. पुढे २००७ मध्ये अलेक्झांड्रू कुक, जोनाथन कॉपेल आणि विल्यम हर्स्ट यांनी त्याच्या पुढची गोष्ट पाहिली, आणि ती मला स्मृतीच्या सगळ्या संशोधनातली सर्वांत अस्वस्थ करणारी वाटते. सांगणारा जे गाळतो ते ऐकणाराही विसरतो. ऐकणाऱ्याला ते आधी माहीत असलं तरी. कारण ऐकणाराही मनातल्या मनात सांगणाऱ्याबरोबर आठवत असतो, आणि सांगणारा ज्या वळणावर वळला नाही तिथे तोही वळत नाही.

म्हणून घरातली एखादी हकीकत ठरून गेली की ती सगळ्यांची होते. आईचं माहेर रेवदंड्याकडचं. तिथे माझ्या लहानपणी ‘रामदास’ बोटीची हकीकत ऐकू यायची. १७ जुलै १९४७ रोजी, अमावास्येच्या दिवशी, मुंबईहून रेवसला निघालेली ही बोट काशाच्या खडकाजवळ बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. मी ऐकलेल्या हकिकती कुणाच्या होत्या? धक्क्यावर उशिरा पोहोचलेल्यांच्या, ऐन वेळी बेत बदललेल्यांच्या, पोहत किनाऱ्याला लागलेल्यांच्या. त्या खऱ्याच होत्या आणि सांगणाऱ्यांना त्या सांगायचा पूर्ण हक्क होता. पण बुडालेल्यांच्या बायकांनी पुढची वर्षं कशी काढली, हे मी त्या घरात कधीच ऐकलं नाही. त्या बायका तिथेच, दोन घरं सोडून राहत असणार.

हे पटायला लागल्यापासून मी घरात वेगळ्या तऱ्हेनं विचारू लागले. सगळ्यांसमोर नाही, एकेकाला. चारजण मिळून आठवायला बसले की सुटे बसून आठवलेल्याच्या एकूण बेरजेपेक्षा कमी आठवतं, हे आता नीट सिद्ध झालेलं आहे. एकाच्या बोलण्यानं दुसऱ्याचा धागा तुटतो. साक्षीदारांशी कसं बोलावं यावर रोनाल्ड फिशर आणि एडवर्ड गायझलमन यांनी १९८०च्या दशकात जी पद्धत बसवली, तीही उपयोगी पडते: मध्ये बोलायचं नाही, हो-नाहीचे प्रश्न टाळायचे, त्या दिवशीची जागा, हवा, वास, मनातली भीती आधी मनात आणायला सांगायची, आणि मग जे येईल ते येऊ द्यायचं, क्रम कसाही असो. शब्दांची निवडही जपावी लागते. लोफ्टस आणि जॉन पामर यांच्या १९७४च्या प्रयोगात मोटारींच्या अपघाताची फिल्म दाखवून झाल्यावर काहींना प्रश्न विचारताना जोरदार आदळण्याचा शब्द वापरला, काहींना नुसत्या धडकेचा. आठवड्यानं "फुटलेली काच पाहिलीत का?" असं विचारलं. पहिल्या गटात पन्नासांपैकी सोळाजण हो म्हणाले, दुसऱ्यात सात. फिल्ममध्ये काच फुटलेलीच नव्हती. मी "फणस पडला तेव्हा" असं म्हणून सुरुवात केली तर काकू मला फणसच सांगणार.

जागेचं महत्त्व किती, यावर मी जपून बोलते. डंकन गॉडन आणि ॲलन बॅडली यांनी १९७५ मध्ये स्कॉटलंडच्या समुद्रात पाणबुड्यांना शब्द पाठ करायला दिले होते. पाण्याखाली शिकलेलं पाण्याखाली जास्त आठवलं, किनाऱ्यावर शिकलेलं किनाऱ्यावर. समुद्राकाठी वाढलेल्या माझ्यासारखीला तो प्रयोग आवडायचाच. पण २०२१ मध्ये याप मुर्रे यांनी तो पुन्हा करून पाहिला तेव्हा तसा फरक मिळाला नाही. तरी मी काकूंना विचारलं ते मागच्या पडवीतच, त्या दुपारी त्या जिथे बसून होत्या तिथे, कारण तिथे त्या एकट्या असतात आणि त्यांच्या हाताला काम असतं.

काकूंच्या वादळात फणस दोन वाक्यांत संपला. त्यांचं वादळ पुढचा सगळा पावसाळा होता. विजेचा पंप बंद, म्हणून विहिरीवर पुन्हा दोर आणि कळशी. भिजलेलं तांदूळ चुलीवरच्या माळ्यावर वाळवणं. आगरातल्या पोफळी कमरेतून मोडलेल्या, त्यांतून वाट काढत गोठ्यापर्यंत जायचं. आणि शेजारच्या वाडीतल्या एक बाई, ज्या रोज पहाटे येऊन वीस-पंचवीस कळशा पाणी ओढून द्यायच्या. काकांच्या हकिकतीत त्या बाई नाहीत. भाच्याच्याही नाहीत. मी त्या दिवसांत घरातच होते, आणि काकूंनी नाव घेतल्यावर मला रहाटाचा आवाज आठवला, बाईंचा चेहरा आठवला.

मग मी त्यांच्याकडे गेले. त्यांचं नाव इथे लिहीत नाही. त्यांच्या हकिकतीत आमचं घर फार थोडं आहे. त्यांचं छप्पर पत्र्याचं होतं, ते गेलं. मुलाला घेऊन त्या आमच्या पडवीत आल्या. ते करोनाचे दिवस होते, माणसं माणसांना घाबरत होती. त्यांना पडवीच्या कडेला बसवलं होतं, पाऊस तिरका आत येत होता तिथे, आणि पेला लांबून जमिनीवर ठेवला होता. त्यांनी हे राग न धरता सांगितलं, पाऊस कुठल्या बाजूनं येत होता तेही हातानं दाखवलं. त्या वादळ दुपारचंच सांगतात. मुलगा उपाशी होता, जेवणाची वेळ टळून गेली होती, म्हणून त्यांना वेळ पक्की आठवते.

परत येऊन मी काकूंना विचारलं. त्या थोडा वेळ नारळ खवत राहिल्या आणि म्हणाल्या, हो, तसंच झालं होतं, पेला मीच ठेवला होता. काकांना विचारलं तर त्यांना त्या बाई पडवीत होत्या हेच आठवेना. त्यांनी बराच प्रयत्न केला, आणि ते लपवत नव्हते. सांगून सांगून ती जागा त्यांच्या मनातून गेली आहे असंच मला वाटतं. भावाला मी सांगितलंय की यंदा मुलाला डोंबिवलीचा आठवडा सांग, फोन लागत नव्हता तो. आणि काकूंना सांगितलंय की आरती झाल्यावर सगळे ओटीवर बसतील तेव्हा काकांच्या आधी तुम्ही बोला, पाण्यापासून सुरुवात करा, त्या बाईंचं नाव घ्या, पेल्याचंही सांगा. त्या अजून हो म्हणालेल्या नाहीत. पुरुषांच्या आधी ओटीवर बोलायची त्यांना सवय नाही, आणि पेल्याचं सगळ्यांसमोर सांगणं सोपंही नाही. मी त्यांच्या शेजारी बसणार आहे.